शाई वाळायच्या आत

आमचं लग्न प्रेमाचं आहे, हे मी अठरा वर्षं लोकांना सांगत आलो. सांगत म्हणजे हातवारे करून, आवाज बदलून, ऐकणाऱ्याच्या ताटातलं वरण गार होईपर्यंत. मी मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावर मास्तर. बायको आमच्याच जिल्ह्यातल्या केनवडची, तीही शिक्षिकाच, पण तिला नोकरी लागली थेट कोकणात. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा मी तिला पाहायला गेलो. तिने दोनच प्रश्न विचारले. नोकरी कायम झाली का? शाळा याच जिल्ह्यात ना? माझ्या कामाबद्दल केवढी ही आस्था, असं मला वाटलं.

पुढचा प्रसंग माझा हुकमी. लग्नाची तिथी वैशाखातली, पण तिला धीर कुठला! मार्गशीर्षातच तिने मला नोंदणी कार्यालयात नेलं. मी सही केली, आणि शाई वाळायच्या आत तिने हात धरून मला बाहेर ओढलं. इथे मी स्वतःचाच हात धरून दोन पावलं धावून दाखवतो. टाळ्या ठरलेल्या.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका घरी आली. पोरगी घोळात पडली होती. पुण्यात खासगी नोकरी करणाऱ्या एका मुलावर तिचा जीव, आणि घरच्यांनी शोधलेला अनसिंगचा कायम नोकरीवाला मास्तर. पुण्याला जायचं तर हातची नोकरी सोडायची.

"सर, तुमचं तर लव्ह मॅरेज ना?" तिने विचारलं.

माझा पडदाच वर गेला. मी उठून उभा राहिलो. शाईपर्यंत आलो, स्वतःचा हात धरला, आणि लसूण सोलत बसलेली बायको म्हणाली, "अवो, बदलीच्या अर्जाची शेवटची तारीख होती त्या दिवशी. झेरॉक्सवाला जेवाले जाऊन राह्यला होता, म्हणून ओढलं तुमाले."

माझा हात माझ्याच हातात राहिला.

नवरा-बायको दोघेही शिक्षक असले तर त्यांना एका जिल्ह्यात आणायची सोय असते, आणि अर्जाला लग्नाचा दाखला लागतो. हे मला ठाऊक होतं की! तिची बदली झाली तेव्हा पेढे मीच वाटले होते. बदलीसाठी लग्न झालं असेल, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

"तीन मास्तर होते पाहण्यात," ती पोरीला सांगत होती, जसं काही मी घरातच नाही. "एकाची नोकरी कायम नव्हती. दुसरा हिंगोली जिल्ह्यात निंघाला. मंग हे उरले."

"पण सर आवडले होते ना, मॅडम?"

"पाह्यलं कुठं बाई मी! मले घरी याचं होतं. तिकडं महिना महिना कोनाशी आपल्यासारखं बोलले नाही मी."

पोरगी उचकी लागेपर्यंत हसली. मी खाली बसलो. उरलो! निवडलेला सुद्धा नाही, उरलेला.

पोरगी गेल्यावर मी बायकोला विचारलं, "अठरा वर्षं मी लोकायले सांगून राह्यलो, अन् तू बाजूले उभी. एकदा तरी बोलाचं होतं. काहून नाही बोलली?"

"मले वाटलं तुमाले बी माहीत आहे," ती म्हणाली. "लोकायसाठी सांगता."

हे जास्त लागलं. मी नाटक्या आहे, कबूल. गॅदरिंगमध्ये पोरांना मिशा चिकटवण्यात माझी हयात गेली. पण ही एक गोष्ट मी खरी समजून सांगत होतो.

"अन् आता तरी आवडतो का?" असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण समोरचा लसूण ओढून सोलायला लागलो.

पोरीचं लग्न झालं. अनसिंगच्या मास्तराशीच. मांडवात कोणीतरी माझ्या हातात माईक दिला. "सर, ते नोंदणीवालं होऊन जाऊ द्या!" नवरीने मान खाली घातली. मी सुरुवात केली. कोकण, दोन प्रश्न, मार्गशीर्ष. सहीपर्यंत आलो आणि अडलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मांडव वाट पाहत होता.

बायकांच्या रांगेतून आवाज आला, नाटकात विंगेतून येतो तसा, दबका पण स्पष्ट.

"शाई. शाई वाळायच्या आत."

मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मी स्वतःचा हात धरला आणि दोन पावलं धावलो. टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या.