तानाबाईचा फिरकीचा तांब्या

तानाबाई आमच्या गावची सुईण. चाकणच्या आसपासची कितीतरी पोरं तिच्या हातावर जन्मली, त्यातली निम्मी ओढ्यापलीकडच्या वाडीतली. पण वाडीला जाताना तिच्या काखेत पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या असायचाच. वाडीचं पाणी आमच्या गावात कुणी पीत नसे.

तिच्या आजीच्या काळी मोठा दुष्काळ पडला होता. आमच्या विहिरी आटल्या, वाडीच्या विहिरीला पाणी होतं. वाडीकर आमचे सोयरेच, पण त्यांनी विहिरीभोवती काट्यांचं कुंपण घातलं आणि काठ्या घेऊन उभे राहिले. आजीची धाकटी लेक त्या कुंपणाशी पाणी पाणी करत मेली. तेव्हापासून गावानं ते पाणी सोडलं. आता पिंपरीच्या कारखान्यात दोन्हीकडची पोरं एकाच नळाला ओंजळ लावत, पण तो नळ पिंपरीचा, असं म्हणायला आम्ही मोकळे. गावाच्या या हट्टाचा मला वैताग यायचा. तानाबाईचा कधी आला नाही.

छप्पन सालच्या वैशाखात वाडीच्या गवराबाईची नातसून अडली. मीच तानाबाईला बैलगाडीतून नेलं आणि ओसरीवर बसून राहिलो. दुपार कलल्यावर पोरगा झाला, धडधाकट. तानाबाई बाहेर येऊन भिंतीला टेकली. तांब्या केव्हाच रिकामा झाला होता, ओठ पांढरे पडले होते, तिला उठवतही नव्हतं. गवराबाईची सून शालनबाई पाणी घेऊन आली. तानाबाईनं नकारार्थी मान हलवली.

"ठावं हाय मावशी," शालनबाई हसून म्हणाली. "तुमचं प्वाट नाजूक. बाहेरचं पानी बाधतं."

"कुनी सांगितलं?"

"समदीच म्हंत्यात."

तानाबाईचा चेहरा पडला. ही बाई जन्मभर तहान सोसत आली आणि इथं कुणाला पत्ताच नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलणार, तेवढ्यात आतून गवराबाई काठी टेकत आली.

"प्वाट न्हाई नाजूक तिचं," ती म्हणाली. "आमच्या मामंजींनी हिरीला काटं लावलं व्हतं. तिच्या आजीची लेक तिथंच गेली. मामंजी मरंपातूर त्या पोरीचं नाव घेत व्हते. म्या पोरांना सांगितलं न्हाई. लाज वाटली."

"मग आता सांगा," तानाबाई म्हणाली.

गवराबाईनं मुलांना, नातवांना ओसरीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. पोरं खाली बघत ऐकत राहिली. मला वाडीकरांची प्रथमच दया आली.

तानाबाईनं शालनबाईपुढं ओंजळ धरली आणि पोटभर पाणी प्याली.

गावात बोभाटा झाला. म्हातारा तात्याबा तिच्या दारात येऊन गरजला, "आजीच्या लेकीला इसरलीस व्हय?"

"न्हाई इसरले," ती तांब्या घासत म्हणाली. "पर इतकी वर्सं आपुनच तिला आठवीत व्हतो. आता वाडीलाबी ती ठावी हाय."