कबरखोद्याच्या कागदावरची सातवी ओळ

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. तळं या काठापासून त्या काठापर्यंत पांढरंफटक, आणि वारा असा की कानाची पाळी तोडून हातात द्यावी. एमिल कुबातने दफनभूमीच्या वरच्या कोपऱ्यातलं पत्र्याचं झाकण आकड्याने ओढून बाजूला केलं. काल त्याखाली त्याने दोन पोती कोळसा पेटवून ठेवला होता. रात्रभर जळून त्याची राख झाली होती, आणि राखेखालची माती हातभर मऊ पडली होती. त्याच्याखाली पुन्हा दगड. विस्कॉन्सिनच्या त्या भागात थंडी जमिनीत चार-चार फूट उतरते. एमिलने मऊ झालेली माती उपसली, खड्ड्यात नवा कोळसा ओतला, पेटवला, वर झाकण ओढलं. म्हाताऱ्या मिसेस श्लिख्टला उद्या तिसऱ्या प्रहरी तिथं उतरवायचं होतं.

चोवीस वर्षं तो हेच करत आला होता. वय बावन्न, लग्न नाही, आई गेल्यापासून घरात एकटा. गाव त्याच्याशी वाईट वागत नसे. पण न्हाव्याकडे तो बसला की शेजारची खुर्ची रिकामी राही, आणि चर्चमध्ये त्याच्याशी हात मिळवणारा माणूस नंतर हळूच हात पँटला पुसे. पाठीवर थाप मारून त्याला हाक मारणारी जागा गावात एकच होती. मर्ल स्टेंझेलच्या चांभारकामाच्या दुकानामागची खोली. तिथं दर रविवारी दुपारी तो, मर्ल आणि आणखी दोघं खेळायला बसत.

खेळ म्हटला तर सोपा होता. मर्ल पंच. तो भुयारं सांगे, दारं सांगे, दाराआड काय दबा धरून बसलंय ते पोटात ठेवी. बाकीचे प्रत्येकी एक माणूस मनाने रचत आणि त्या भुयारात उतरवत. तलवार लागली की हुकली ते फासे ठरवत. त्या मनातल्या माणसाला एक पेशा असे. विकत आणलेल्या पुस्तिकेत पेशे मोजकेच होते, योद्धा, जादूगार, धर्मगुरू असे. तेवढ्यावर कुणाचं पोट भरत नव्हतं. सत्त्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यात त्या मुलखातलं हा खेळ खेळणारं प्रत्येक टेबल आपापले नवे पेशे लिहीत होतं.

मर्लच्या टेबलाचे असे अकरा पेशे होते, एका जाड काळ्या फाइलीत. मर्ल आधी छापखान्यात खिळे जुळवायचा, त्यामुळे त्याचं अक्षर छापल्यासारखं. फाइलीत पान चढवायचा हक्क त्याच्या एकट्याचा, आणि त्याची रीत कडक. पेशा ज्याने लिहिला त्यानेच तो खेळायचा. एका बैठकीत भुयारातून जिवंत बाहेर पडला तर पेशा चढला; मेला तर कागद शेगडीत. एकच सवलत होती. टेबलावर लाल पेन्सिल असे. आपला माणूस जिवंत आहे तोवर लिहिणाऱ्याला आपल्या कागदावरची एक ओळ खोडता येई. एकच, आणि एकदाच.

तीन वर्षांत एमिलने काही लिहिलं नव्हतं. मग शरद ऋतूत मर्लच्या पोटात गाठ निघाली. ईस्टर बघाल असं सांगवत नाही, असं डॉक्टर म्हणाला. मर्लने टेबलावर सगळ्यांना सांगून टाकलं, भुयारातलं दार सांगावं तसं. वर म्हणाला, "ही फाइल माझ्या हाताबरोबर बंद. पुढं तुमची तुम्ही काढा." त्या महिन्यात एमिलने दफनाच्या कार्डांच्या पाठीवर खरडायला सुरुवात केली. ते पान मर्लच्या अक्षरात फाइलीत चढलेलं त्याला बघायचं होतं. आणि त्या अक्षराला आता कंप सुटला होता.

त्या दुपारी मर्लने गळ्याभोवती दोन मफलर गुंडाळले होते, तरी सदऱ्याची कॉलर लोंबत होती. टेबलावर कॉफी आणि एमिलने भाजून आणलेल्या, आलुबुखाराचं सारण भरलेल्या गोड कोलाची होत्या. मर्लने एकीलाही हात लावला नाही.

"वाच," तो म्हणाला.

एमिलने वाचलं. कबरखोद्या. प्रेत बघून मरण कसं आलं ते सांगतो. त्याने पुरलेला मुडदा पुन्हा उठून चालत नाही. जिवाचे गुण ठरवायला फासा चार बाजूंचा, सगळ्यांत लहान.

"चार?" शाळेत गणित शिकवणारा रॉजर ट्वेट उसळलाच. "अरे, कुदळ मारणारा गडी, आणि जीव माझ्या किडमिड्या जादूगाराएवढा? आपला पेशा लिहिताना लोक स्वतःला हत्ती करतात, तू उंदीर केलास!"

"मी आचारीण लिहिली होती तेव्हा नुसता रस्सा पाजून राक्षस लोळवत होते," डोलोरेस हाउप्ट म्हणाली. ती तळ्याकाठच्या खाणावळीत वाढपाचं काम करी. "या खडूसाने माझा रस्सा पातळ केला."

"तुझ्या खाणावळीतला पातळच असतो," मर्ल म्हणाला. "पुढं वाच, एमिल. सातवी."

"कबरखोद्या साथीदाराचं प्रेत उघड्यावर टाकून जात नाही. गेला, तर त्या घटकेपासून तो कबरखोद्या नाही."

मर्लने फाश्याने टेबलावर टकटक केलं. "ही ओळ तुला मारील."

"असू दे."

भुयारात उतरल्यावर दीड तास बरा गेला. मग तिसऱ्या दालनात छतावरून काहीतरी पडलं आणि रॉजरचा जादूगार एका फटक्यात गेला. पाठोपाठ डोलोरेसची चोरटी. दोघांनी आपापले कागद पालथे घातले आणि हाताची घडी घालून बसले. एमिलच्या माणसात जीव उरला होता दोन.

"डावीकडच्या बोळातून नखं घासल्याचा आवाज येतोय," मर्ल सांगू लागला. "मढंखाऊ आहेत. पाच-सहा तरी. उजवीकडे चाळीस पावलांवर उजेड दिसतोय. दोघांना पुरायला तुला तासभर हवा. ते येतील तितक्यात कॉफीसुद्धा निवणार नाही. काय करतोस?"

एमिलने आपला कागद जवळ ओढला.

"पेन्सिल!" रॉजर म्हणाला. "ती त्यासाठीच आहे ना, बाबा."

"खोड रे," डोलोरेस म्हणाली. "मी मेलेय, मला कसला मानपान? माझी चोरटी जन्मली उघड्यावरच."

एमिल त्या ओळीकडे बघत राहिला. ती त्याने सगळ्यांत आधी लिहिली होती. बाकीच्या नंतर तिच्याभोवती जमवल्या होत्या. त्याचा थोरला भाऊ लादिस्लाव पन्नास सालच्या हिवाळ्यात कोरियाच्या लढाईत पडला. दोन वर्षांनी त्याच्या पलटणीतला एक माणूस तीनशे मैल गाडी हाकत आला, लादिस्लावचं घड्याळ द्यायला. दारातच उभा राहून म्हणाला, "जमीन फुटेना. वरून सारखे ते येत होते. आम्ही त्याला तिथं ठेवला आणि निघालो." एमिलने घड्याळ घेतलं आणि दार लावलं. बाहेर शून्याखाली दहा होतं. त्या माणसाला त्याने कॉफीचा घोटसुद्धा विचारला नाही. पुढल्या वसंतात दफनभूमीतली कबरी खोदणाऱ्याची जागा रिकामी झाली आणि एमिलने कुदळ हातात घेतली. फुटत नाही अशी जमीन नसते, हे त्याला दर हिवाळ्यात सिद्ध करायचं होतं, आणि चोवीस हिवाळे त्याने ते केलं होतं.

मर्लला खोकल्याची उबळ आली. तो टेबलाला धरून वाकला, आणि त्याच्या हातातलं पेन घरंगळत रॉजरच्या पुढ्यात गेलं. रॉजरने ते उचलून परत ठेवलं, कुणाकडे न बघता.

"एक सांगतो," मर्ल श्वास सावरत म्हणाला. "पुढच्या रविवारी हा हात लिहील असं नाही. पण म्हणून मी तुला सूट देणार नाही."

"मागितलीय कुणी?"

"मग काय करतोस?"

एमिलने लाल पेन्सिल उचलली. पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारली, सातव्या ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"उजवीकडे," तो म्हणाला. "पळतो."

"चाळीस पावलं," मर्ल म्हणाला. "उजेडात आलास. जिवंत."

डोलोरेसने टाळ्या वाजवल्या. रॉजरने पाठीवर थाप मारली. अंधार पडायच्या आत घर गाठायचं म्हणून दोघं कोट चढवून निघाले. मर्ल पान उतरवायला बसला. एका पानाला त्याला पाऊण तास लागला. अक्षरं वाऱ्यातल्या कुंपणासारखी कलत होती. आठवी ओळ त्याने सातवी केली, नववी आठवी. मध्ये फट उरली नाही.

"चांगला पेशा झालाय," तो म्हणाला. "कुणीही खेळेल."

"हं."

"तुझ्या तोंडाला काय झालं? मिळालं ना हवं ते?"

"ते दोघं तिथंच राहिले ना?"

"कोण?"

"रॉजरचा आणि डोलोरेसची."

"मढंखाऊंनी खाल्ले. खेळ आहे, एमिल."

"माहीत आहे." एमिल टोपी हातात फिरवत राहिला. "त्या माणसाला मी आत घ्यायला हवं होतं."

"कुठल्या माणसाला?"

"होता एक. घड्याळ घेऊन आलेला. नावही विचारलं नाही मी."

मर्लने पेनला टोपण लावलं. फाइल मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. उठायची ताकद जमवत होता बहुतेक. एमिलने त्याला बखोटीला धरून उठवलं आणि जिन्याच्या पायऱ्यांवरून वरच्या मजल्यावर पोचवलं. एवढ्या उंच माणसाचं वजन काहीच उरलं नव्हतं.

दफनभूमीत परतला तेव्हा उजेड अर्ध्या तासाचा उरला होता. फाटकापासून वरपर्यंतच्या वाटेवर वाऱ्याने पुन्हा गुडघाभर बर्फ लोटला होता. उद्या शववाहिनी चढायला हवी. एमिलने छपरीतून फावडं काढलं, हातमोजे दातांनी ओढून घट्ट केले, आणि फाटकापासून सुरुवात केली.