दोन्हीकडून आलेलं

वदादचं माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच, बू-शदीद, आणि ती ते मोठ्या तोऱ्यात सांगायची. लेबनानच्या डोंगरातलं ते खेडं. तिथं बू-शदीदांची पोर बू-शदीदांतच द्यायची रीत होती. चुलतभावाचा हक्क पहिला. पाद्रीबाबांची परवानगी मागितली की मिळे. ऑलिव्हची झाडं घराबाहेर जात नाहीत आणि सासूही परकी नसते. नवरा यूसुफ तिचा चुलतभाऊच. दोघांच्याही टाचेमागची शीर बोटासारखी जाड. ती घराण्याची खूण म्हणे. "म्हणून तर आपण चढाला दमत नाही," म्हातारे सांगत. इतके न दमणारे पुरुष चाळिशीतच का जातात, हे कुणी विचारत नसे. यूसुफ अंगणात कोसळला तेव्हाही दृष्ट लागली म्हणून सगळे मोकळे झाले.

तिचा धाकटा मुलगा बुत्रोस पाच वर्षांचा असताना त्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर पिवळट गाठी उठल्या. ही घराण्याचीच खूण म्हणून वदादला आनंद झाला. सांगताना जीभ जड होते, पण झाला. न्हाऊ घालताना ती त्या गाठींचे मुके घ्यायची.

शेजारीण म्हणाली, "अगं, डॉक्टरला तरी दाखव."

"काय दाखवायचंय त्यात? खाण तशी माती! माझ्या पोराला दोन्हीकडून आलंय."

ती अगदी खरं बोलली होती, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

मिसरूड फुटायच्या वयात, चेंडूमागे धावता धावता बुत्रोस खाली बसला तो उठलाच नाही. बिनलग्नाचा मुलगा, म्हणून रिवाजाप्रमाणे त्याची अंत्ययात्रा वरातीसारखी निघाली. पांढरी शवपेटी खांद्यांवर नाचवली, तांदूळ उधळले. लग्नात बायका काढतात तो आनंदाचा हाकारा आईनं सुरू करायचा असतो. वदादनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. शेवटी तिच्या थोरल्या मुलीनं, नुहादनं तो दिला.

मग शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी साऱ्या घराण्याचं रक्त तपासलं. या लोकांच्या शरीराला रक्तातली चरबी उपसणं जमत नाही, त्या म्हणाल्या. ती शिरांत साचते, तिथं रक्ताची गुठळी धरते आणि काळीज बंद पडतं. हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला तर गोळ्यांनी आटोक्यात राहतो. नुहादला तसा होता, दिराच्या मुलाला, नौफललाही. बुत्रोसला दोघांकडून आला होता.

"त्या गाठी दिसल्या तेव्हाच आणायचं होतंत, बाई," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या.

वर्ष सरलं आणि दीर हबीब नौफलला घेऊन नुहादला मागणी घालायला आला. लहानपणापासून ठरल्यातच जमा होतं, आणि पोरांचा एकमेकांवर जीवही होता.

"वहिनी, दुःख पुरे झालं. आता तोंड गोड करू."

"भावोजी, मुलगी नाही द्यायची मला."

"का? माझा नौफल काय वाटेवर पडलाय?"

"सोन्यासारखा आहे. त्याला बाहेरची कुणीही करा. माझी नुहाद नको."

नौफल काकुळतीला आला. "काकू, डॉक्टरीण म्हणाली, चारातल्या एखाद्यालाच होतं तसं."

"आणि तो एक कुठला, हे आधी ठरवून घेशील का रे? माझ्या पदरात तो एकच पडला होता."

हबीब उठला. "भावाच्या मागे त्याच्या घराला कमी लेखतेस! यापुढे या उंबऱ्याशी आमचा संबंध नाही." बापलेक कॉफीला न शिवता निघून गेले.

दाराआडून नुहाद सगळं ऐकत होती. ती पुढे आली. ती रडत नव्हती, आणि वदादला त्याचीच भीती वाटली.

"तू बाबांशी लग्न केलं नसतंस, तर मी असते का, आई?"

"नसतीस."

"आणि बुत्रोस?"

"तोही नसता. त्याला असं जावं लागलं नसतं."

"म्हणजे तो जन्मालाच यायला नको होता, असं म्हणतेस तू?"

वदादनं कॉफीचे न शिवलेले पेले उचलून आत नेले. नकार तिनं मागे घेतला नाही. पण रोज सकाळी मुलाच्या थडग्यावर जाऊन बसणाऱ्या त्या बाईला, त्या दिवसापासून तिथं जायचा धीर होईना.