मालनच्या नावाची वेबसाईट

आधी टूं टूं, मग खरखर, आणि शेवटी वंगण नसलेल्या बैलगाडीसारखी लांब किंचाळी. सुनीलच्या दुकानात इंटरनेट लागायचं तेव्हाचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. नगरला त्याच्या जिन्याखाली माझी चहाची टपरी होती. चहा वर न्यायचो, कप रिकामे होईपर्यंत थांबायचो. कपांबरोबर किस्सेही खाली यायचे.

सुनील वेबसाईट करून द्यायचा. लोक जे शब्द टाकून शोधतात तेच वेबसाईटच्या नावात घाला, म्हणजे शोधणाऱ्याला आधी तुम्हीच दिसाल, असं तो प्रत्येकाला सांगायचा.

पाथर्डीच्या जीपवाल्या रामभाऊंना हे फार पटलं. जीपच्या पाटीवर असतात तशी सगळी गावं त्यांनी नावात भरायला लावली. कोणी वेबसाईटचं नाव विचारलं की ते पाथर्डीपासून सुरू करायचे. वाटेतलं करंजी गाव येईपर्यंत विचारणारा दुसऱ्या जीपमध्ये बसलेला असायचा!

एका मंगल कार्यालयवाल्यांनी नावात नुसतं 'लग्न' घातलं. दिसले पहिले, पण फोन यायचे ते स्थळ विचारणारे. माणूस भिडस्त. त्यांनी खरंच एक सोयरीक जुळवून दिली. लग्न मात्र मुलीकडच्यांनी दुसऱ्याच कार्यालयात केलं.

भंडारदऱ्याच्या तात्यांचं तसं नव्हतं. त्यांच्या तीन खोल्या पर्यटकांसाठी होत्या. चौथी लेकीची, सुमनची, कायम कुलूपबंद. तिनं आपल्या मनानं लग्न केलं तेव्हा तात्यांनी तिला दार बंद केलं होतं. ती परदेशी गेली, पत्ता कोणाकडेच नव्हता. तिच्या मागे तिची आईही वारली.

सुनील म्हणाला, नावात 'भंडारदरा' आणि 'हॉटेल' घालू. तात्या म्हणाले, "मालन ठिव." मालन म्हणजे त्यांची बायको. सुनीलनं परोपरीनं समजावलं, की या नावानं कोणी शोधणार नाही, खोल्या रिकाम्या राहतील.

"एक जण शोधील की," तात्या म्हणाले.

खोल्या रिकाम्याच राहिल्या. तात्या कामानिमित्त नगरला आले की जिना चढायचे, 'मालन' टाकायला लावायचे, अंगणाचा फोटो बघायचे आणि उतरायचे.

एकदा मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा सुनील त्यांना वेबसाईटवर आलेला निरोप वाचून दाखवत होता. "दोघांसाठी एक खोली हवी. दारात आले तर चालेल का, ते आधी कळवा. सुमन."

सुनीलनं हळूच विचारलं, "तात्या, काय लिहू?"

तात्यांनी खिशातली चौथ्या खोलीची किल्ली चाचपली. भरलेला कप तसाच ठेवला, आणि भंडारदऱ्याची गाडी गाठायला जिना उतरून गेले.