बाबांच्या नावाची जात

ती आली तेव्हा मी टीव्हीसमोर बसून मटार सोलत होते. टीव्ही बंद होता. हे तिच्या लक्षात आलं, माझ्या नाही. "मॅडम, लाइट गेली का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, मीच लावला नाही."

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि आठही महिने माझं हे असंच चाललं होतं. झोप लागत होती, जेवण जात होतं, कॉलेजात तास घेत होते. रडू तेवढं येत नव्हतं. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, बाई मोठी धीराची. धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. बाबांची तिरडी बांधत होते तेव्हा मी दारात उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता, की गल्लीतले हे लोक सुतळीची गाठ ढिली मारताहेत. बाबांनी अशी मारली नसती. बस, एवढंच.

तर ती आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः संशोधन करते. विषय माझाच, माशांच्या पोटातले चपटे कृमी. हातात संत्रा बर्फीचा डबा होता आणि तो पाहूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. ही पोरगी पीएचडी झाली तेव्हा फोनवर कळवून मोकळी झाली होती. आज बर्फी म्हणजे नक्की काहीतरी वाईट सांगायचं होतं.

"मॅडम, मी तुमच्या जातीवर काम करून राहिली आहे," ती म्हणाली.

बाहेरच्या कुणी ऐकलं असतं तर भलताच अर्थ काढला असता. आमच्या शास्त्रात स्पीशीजला मराठीत जात म्हणतात. जवळच्या जाती मिळून प्रजाती, प्रजाती मिळून कुल, अशी उतरंड वर चढत जाते आणि सगळ्यात वर चपट्या कृमींचा मोठा संघ. त्यातले काही पाण्यात स्वतंत्र राहतात, काही माशाच्या कल्ल्यांना चिकटतात, काही गुरांच्या यकृतात घर करतात, आणि काही आतड्यात. आतड्यातले ते पट्टकृमी. त्यांना तोंड नाही, पोट नाही. दुसऱ्याने पचवलेलं अन्न अंगाच्या कातडीतून शोषून घेतात. मुलांना हे शिकवलं की वर्गातलं कुणीतरी हमखास एखाद्या नातेवाइकाचं नाव घेतं. मी दरवर्षी हसते. यंदा हसले नाही, पण मुलांना ते कळलं नाही.

यातली एक जात माझी आहे. म्हणजे मी शोधलेली. कन्हान नदीतल्या मागूर माशाच्या आतड्यात राहणारी. तिच्या लॅटिन नावाच्या दुसऱ्या शब्दात माझ्या बाबांचं नाव आहे.

बाबांच्या नावाबद्दल आधी सांगते. नाव सांगत नाही, अर्थ सांगते. केर. त्यांच्याआधीची दोन भावंडं दगावली, म्हणून आजीने हे तिसरं पोर उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नजर लागू नये असं नाव ठेवलं. पुढे आजी-आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बाबांच्या पाठच्या भावंडांना करुणा, प्रज्ञा अशा अर्थांची चांगली नावं मिळाली. बाबा तोवर शाळेत दाखल झाले होते, म्हणून त्यांचं दाखल्यावरचं नाव तेच राहिलं. ते सरकारी कचेरीत रेकॉर्ड रूमला कारकून होते. साहेब खोलीतून ते नाव मोठ्याने पुकारायचे आणि टेबलांवर खसखस पिकायची. एकदा शाळेत असताना त्यांचा डबा घेऊन गेले होते तेव्हा मी ते स्वतः ऐकलं. बाबा "जी साहेब" म्हणून उठले आणि जाता जाता मला म्हणाले, "तू घरी जाय." त्या दिवशी मी ठरवलं की हे नाव मी अशा जागी नेऊन ठेवीन जिथे कुणी हसणार नाही. लहानपणचे निश्चय बहुतेक विरून जातात. हा राहिला.

पीएचडीच्या वर्षांत दर रविवारी मी आणि बाबा एसटीने कन्हानकाठच्या खाप्याला जायचो. घाटावर मासे धरणाऱ्या ढिवरांकडून जिवंत मागूर घ्यायचे, झाकणाच्या डब्यात पाण्यात सोडायचे आणि शहरात नंदनवन वस्तीतल्या घरी आणायचे. मागूर चिवट असतो, हवेवरही तग धरतो. बसमध्ये डब्याचं झाकण धडधडायचं आणि बाबा त्याच्यावर बसायचे. कंडक्टरने विचारलं तर म्हणायचे, "पोरीचा अभ्यास आहे."

अंगणात फरशीवर मासा चिरायचा. आतडं मिठाच्या पाण्यात उघडायचं. कृमी पांढरे, बोटाच्या पेराएवढे, हळूहळू अंग ताणत-आखडत बाहेर यायचे. मासा आई रश्श्याला घेऊन जायची आणि आम्ही कृमी घ्यायचो, म्हणजे वाया काही जायचं नाही. माणसांच्या पोटातल्या पट्टकृमीला शेकडो खंड असतात, या मागुरातल्याला एकही नाही. सगळं शरीर अखंड, त्यात नर-मादी दोन्हीचे अवयव एकदाच. त्यामुळे जात ओळखायची ती या अवयवांच्या आकारावरून, आणि आकार दिसायचा तर कृमी सरळ मरायला हवा. त्यासाठी त्याला काचेच्या दोन पट्ट्यांत ठेवून वरून दोरा गुंडाळतात आणि औषधात बुडवतात. दाब इतकाच हवा की तो वळू नये. चिरडता कामा नये.

माझ्या गाठी सुटायच्या. ओला दोरा, नवखी बोटं, पट्ट्या घसरायच्या आणि कृमी जिलबीसारखा वळून मरायचा. दोन-तीन रविवार बाबांनी पाहिलं.

"सरक वं," ते म्हणाले. "तुह्या बापाची जिंदगी गेली गठ्ठे बांधण्यात."

रेकॉर्ड रूमची ती गाठ होती. दोन उभे वेढे, दोन आडवे, दोरा खालून अडकवून वर ओढायचा आणि अंगठ्याच्या नखाने दाबून बसवायचा. मी म्हणाले, "बाबा, इतकी घट्ट नको."

"सुटून जाईन तं गाठ काहून मारली?"

त्यांच्या पट्ट्यांतले कृमी सुरेख सरळ निघाले. रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पानासारखे रुंद, सगळे अवयव स्वच्छ. आणि त्यांचं अंडाशय वेगळं होतं. या गटात ते इंग्रजी एच अक्षरासारखं असतं, दोन बाजूंना दोन उभे भाग आणि मध्ये सरळ पूल. यांच्यात ते दोन भाग बाहेर फाकलेले होते, पूल धनुष्यासारखा वाकलेला आणि कृमीला मान जवळजवळ नव्हतीच. मी सगळी पुस्तकं, सगळे जुने निबंध पालथे घातले. असा कृमी कुणीच नोंदवलेला नव्हता. माझ्या हातचे वळलेले, जाडसर नमुने मी "खराब" लिहिलेल्या डब्यात टाकले आणि बाबांच्या हातचे घेऊन नवी जात जाहीर केली.

निबंध छापून आला तेव्हा बाबांनी आपलं नाव लॅटिन वेशात तीनदा वाचलं. पुरुषाच्या नावावरून जातीचं नाव ठेवलं की शेवटी आय हे अक्षर लागतं.

"मांगून आय लावला का? आता मी साहेब दिसून राहिलो," ते म्हणाले. मग चष्मा काढून हसत सुटले. "अवं, आपण तं जात सोडून आलो. अन् तू बापाच्या नावानं नवीन जात काढून ठेवली?"

पहिल्या पानाची झेरॉक्स त्यांनी फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावली. त्यात कृमीचं मी काढलेलं चित्र आहे. पाहुण्यांनी हे काय म्हणून विचारलं की ते म्हणायचे, "मी." आई वैतागायची. आई गेल्यावर तर ते जास्तच सांगायला लागले. शेवटच्या आजारात सलाइन लावायला आलेल्या नर्सलाही त्यांनी ते दाखवलं होतं. फ्रेम अजून तिथेच आहे. विद्यार्थिनी बसली होती ती बरोबर तिच्याखाली.

तिने लॅपटॉप उघडला. खाप्याच्या त्याच घाटावरचे मागूर तिने आणले होते. कृमी न दाबता, गरम द्रावणात सरळ मारले होते. सगळ्यांची अंडाशयं एचसारखी. डीएनए जुन्या, सगळ्यांना माहीत असलेल्या जातीशी जुळणारा. मग तिने त्यातलेच काही जिवंत कृमी मुद्दाम काचांमध्ये जोराने दाबले.

"दाबला तं तुमची जात होते, मॅडम," ती खाली बघत म्हणाली. "नाही दाबला तं जुनी."

मी मटाराची शेंग सोलली. आत पाच दाणे होते. मी ते मोजले, कशासाठी कोण जाणे.

"रागावल्या का?"

"नाही." आणि खरंच नाही. मला काहीच झालं नाही.

"तुमचे मूळ नमुने पाहायला भेटले तं नक्की सांगता येईन. नाही तं..." ती अडखळली. तिचा आवाज अगदी हळू झाला. "नमुने उपलब्ध नाहीत असं तुम्ही म्हटलं तरी चालते मॅडम. मी फक्त शंका आहे असं लिहून सोडून देते. मग नाव यादीत राहते."

ती भली मुलगी आहे. फ्रेमकडे तिने एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

नमुने आतल्या खोलीत गोदरेजच्या कपाटात होते. ते संग्रहालयात असायला हवेत, घरात ठेवणं आमच्या धंद्यात पापच. नाहीत, हा एक शब्द म्हणायचा होता. बाबांचं नाव जागेवर राहिलं असतं आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. या कृमीने माणसाला काही होत नाही. मागुरालाही फारसं होत नाही. मी उठले तेव्हा माझं काही ठरलेलं नव्हतं. पण पाय कपाटाकडे गेले, आणि मी दोन्ही डबे घेऊन आले. चांगला आणि खराब.

घरचा जुना सूक्ष्मदर्शक टेबलावर ठेवला. खराब डब्यातली पहिली पट्टी लावली. चांगल्या डब्यातल्या त्याच माशाचा क्रमांक, माझं अक्षर, माझा ढिला हात. कृमी अर्धा वळलेला. त्याच्या वळणात, थोडं तिरपं, सरळ पुलाचं एच. मी दुसरी पट्टी पाहिली, तिसरी पाहिली. खरे कृमी मी इतकी वर्षं खराब म्हणून ठेवले होते. नवी जात नदीत नव्हतीच. ती आमच्या अंगणात, बाबांच्या अंगठ्याखाली तयार झाली होती.

"तुझं बरोबर आहे," मी म्हटलं. "लिही."

माझा आवाज हजेरी घेतल्यासारखा निघाला. तिलाच बिचारीला भरून आलं. ती म्हणाली, नाव पुसत नाहीत मॅडम, जुन्या नावाच्या खाली समनाम, म्हणजे त्याच जातीचं दुसरं नाव, म्हणून कायम राहते. मला माहीत होतं, मीच तिला शिकवलं होतं. बाबाही कचेरीतल्या चुकीच्या कागदांबद्दल हेच सांगायचे, फाडायचा नसते, दप्तरी दाखल करायचा. जात नाही ती जात, असं म्हणतात. ही गेली. ऐकून बाबा हसले असते. मला हसूही आलं नाही.

मग डब्याच्या कोपऱ्यात तिला एक काचेची कुपी दिसली. स्पिरिटमध्ये बुडवलेली पट्ट्यांची जोडी. त्या वर्षीची, न उघडलेली. दोरा पिवळा पडलेला, दोन उभे वेढे, दोन आडवे.

"हा उघडता येईन का?"

मी ती जोडी तळहातावर घेतली आणि गाठ नखाने उकलायला गेले. गाठ हलेना. टाचणी घातली. टाचणी वाकली. दोऱ्यात जिथे नखाने दाबलं होतं तिथे बारीक खळगा होता. अंगठ्याच्या नखाचा, बाबांच्या. तो तसाच बसला होता. तिने पर्समधून लहान कात्री काढून पुढे केली. मी घेतली नाही.

"मी कापू का मॅडम?"

"नको," मी जवळजवळ ओरडले. "थांब. सुटते."

पण ती सुटणारी नव्हती. सुटायला मारलेलीच नव्हती. मी नखं मोडेपर्यंत ओढत राहिले, आणि कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने बोलते आहे. "काहून बांधली बाबा इतकी घट्ट, काहून बांधली," एवढंच, पुन्हा पुन्हा. वाळत आलेल्या पट्ट्या पुन्हा ओल्या झाल्या. स्पिरिट सांडलं असेल म्हणून मी पुसायला गेले तर कुपी सरळ उभी होती.

तिने पट्ट्या माझ्या हातातून काढून घेतल्या, न कापता परत कुपीत सोडल्या आणि बूच लावलं. मग फ्रेमकडे पहिल्यांदा मान वर करून पाहिलं.

"हे कोण आहे मॅडम?" तिने विचारलं. तिला माहीत होतं.

"बाबा," मी म्हटलं. "वारले."