काळा पडदा आणि बाबांचा दुपट्टा

टायपिंग मी दुपट्ट्याखाली शिकले. बाबा तहसीलसमोर कडुलिंबाखाली टाइपरायटर घेऊन बसत, लोकांचे अर्ज करून देत. मला शिकवताना माझ्या दोन्ही हातांवर ते आपला दुपट्टा टाकायचे. "बोटाले डोये असतात, माय. बटनाकडं पाह्यचं नाही." एक अक्षर चुकलं की अख्खा कागद पुन्हा. असा राग यायचा मला! कौतुकाचा एक शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी निघाला नाही.

म्हणूनच मी हट्टानं समोरच्या खोलीत कम्प्युटर मांडला. जुनाच होता, यवतमाळहून एसटीत मांडीवर धरून आणलेला. त्यात लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली, मी स्वतः टाकलं, पुस्तकं चाळून, चुका करून. बाबा त्याला 'तुहा टीव्ही' म्हणत.

ते कपाशीचे वाईट दिवस होते. त्या साली लाल्या पडला, पानं लाल होऊन झाडं वाळली. नुकसानभरपाईच्या सरकारी यादीतून जवळचा एक बंजारा तांडा अख्खाच्या अख्खा सुटला होता. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, चाळीसेक घरांच्या चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडं आले. नाव, गट नंबर, किती एकर. हरकत घ्यायला तीन दिवस उरले होते. मी दोन दिवसांत सगळं टाइप केलं आणि चिठ्ठ्या चुलीत घातल्या.

"काहून जाळल्या?" बाबांनी विचारलं.

"कम्प्युटरात आहे ना!" काय तो माज माझा!

शेवटच्या दिवशी छापण्याआधी मला पडद्यावरची अक्षरं पुसट वाटली. नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला की पडदा लख्ख होईल, असं डोक्यात आलं. पडद्यावर चित्र उमटवतो तो प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. कोणी सांगितलं होतं नसत्या भानगडीत पडायला? टाकला, मशीन पुन्हा चालू केली, आणि पडदा काळा ठिक्कर. तीनदा करून पाहिलं, काळाच.

दुपारी नायक दारात येऊन उभे राहिले. "होऊन जाईन ना, बाई?" मी खोटीच मान डोलावली. यवतमाळच्या दुकानदाराला फोन लावला तर म्हणे, घेऊन या, दोन दिवसांत पाहू. दोन दिवस! इथं पाच वाजता मुदत संपत होती.

बाबा टाइपरायटर उचलून आत आले. "सांग, काय लिहू?" नावं नायकांना तोंडपाठ होती, गट नंबर कोणाला पाठ असणार? मी काळ्या पडद्यासमोर बसले. सहज कॅप्स लॉक दाबलं, तर कीबोर्डावरचा दिवा लागला.

"बाबा, मशीन ऐकून राह्यली. दाखवत नाही फक्त."

"मंग पाहून कायले राह्यली?" असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून माझ्या हातांवर टाकला.

मी डोळे मिटले. लॉगिनचं नाव, पासवर्ड, मग ड्रायव्हरच्या चुकांची नोंद असलेली फाइल प्रिंटरला पाठवायचा हुकूम. यादी अशी छापता येत नव्हती, साध्या हुकमानं फक्त इंग्रजीच उमटायचं. एंटर. क्षणभर काही नाही. मग प्रिंटर कर्रकर्र करत उठला हो! कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: नव्या ड्रायव्हरला आमचं जुनं ग्राफिक्स कार्ड ओळखू येत नव्हतं. जुन्या सेटिंगची नक्कल मी आधीच ठेवली होती. कार्बन घातल्याशिवाय कागद चढवायचा नाही, ही बाबांचीच शिस्त. ती नक्कल परत जागेवर ठेवायचा हुकूम मी दुपट्ट्याखाली दिला. पहिल्यांदा बोट घसरलं, पुन्हा सगळं टाइप केलं. मशीन बंद करून चालू केली. पडदा उजळला आणि माझी तीच पुसट अक्षरं दिसली. त्यांच्याइतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

साडेचारला यादी छापून झाली. नायक धावतच तहसीलमध्ये गेले आणि शिक्का मारलेली प्रत घेऊन परत आले. बाबांनी ती हातात घेतली, चष्मा लावला, बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले. चूक शोधत होते, मला काय माहीत नाही?  शेवटच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी चष्मा काढला, प्रत नायकांना परत दिली.

"हे माह्या पोरीनं केलं," बाबा म्हणाले. "न पाहता."