उभ्या बाईंची वाट

दिल्लीत मी टिकलो तो रोझाबाईंमुळे. घरातला मी पहिला पदवीधर. स्पर्धापरीक्षेसाठी राहात्याहून आलो तेव्हा इथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. आम्ही मराठी कॅथलिक मुलं त्यांना मागून ‘उभ्या बाई’ म्हणायचो, कारण शिकवताना त्या कधी बसल्या नाहीत. दोन्ही गुडघे गेलेले, पण कुणी खुर्ची पुढे केली की म्हणायच्या, ‘‘ती तुझ्यासाठी ठेव. म्हातारपणी लागेल.’’

त्या निवृत्त शिक्षिका. मुलाच्या सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आम्हांला क्रुसाची वाट शिकवायच्या: येशूच्या मरणाच्या वाटेवरची चौदा स्थानं, प्रत्येकापाशी थांबायचं, गुडघे टेकून प्रार्थना म्हणायची, पुढे चालायचं. गावी मी हे सगळं घडाघडा म्हणत आलो होतो. बाईंना ते चालायचं नाही.

‘‘तिसऱ्या स्थानी तो पडला. का?’’

‘‘क्रूस जड होता, बाई.’’

‘‘रात्रभर मार खाल्लेला, उपाशी माणूस आहे तो. आधी माणूस बघ, मग लाकूड.’’

गाझियाबादहून आईबाबांबरोबर येणारी आठवीतली रिया दिल्लीतच वाढलेली. तिने एकदा विचारलं, ‘‘बाई, वाट म्हणजे वेट करणं ना? मग क्रुसाची वाट कोण बघतं?’’

‘‘आमची तर लागलीय, यार!’’ माझ्याबरोबर परीक्षेची तयारी करणारा सुनील म्हणाला. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत.

‘‘बरोबर विचारतेय ती. चौथ्या स्थानी त्याची आई भेटते. ती गर्दीत उभी राहून काय करत होती? येणाऱ्या क्रुसाचीच वाट बघत होती.’’ त्या संध्याकाळी मी घरी आईला फोन केला. पहिल्या प्रयत्नात नापास झाल्यापासून केला नव्हता.

मग चर्चच्या समितीने ठरवलं की मराठी माणसं मूठभर; सगळ्यांनी सभागृहात बसून, पडद्यावरची चित्रं बघत, हिंदीत प्रार्थना करावी. समितीतले एक गृहस्थ प्रेमानेच म्हणाले, ‘‘आंटी, बच्चों को पढ़ाई भी करनी है. बैठकर जल्दी हो जाएगा.’’

‘‘नाम क्या है इसका? वाट. रास्ता. बैठकर कौन-सा रास्ता कटता है?’’ आणि आमच्याकडे वळून, ‘‘शुक्रवारी सकाळी हिंदूरावच्या रिजवर या. बूट घाला.’’

हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या त्या टेकडीवर, झाडीतल्या पायवाटेवर रखवालदाराने अडवलं. ‘‘मॉर्निंग वॉक, भैया,’’ सुनीलने ठोकून दिलं.

‘‘झूठ बोल रहा है,’’ बाई म्हणाल्या. ‘‘प्रार्थना कर रहे हैं.’’

रखवालदार गोंधळला. ‘‘तो आंटी, जल्दी कर लीजिए.’’

‘‘बेटा, यह जल्दीवाला काम नहीं है.’’ आणि त्यांनी खडीवर गुडघे टेकले. तो बाजूला झाला. मग माकडांना हाकलत आमच्या मागून चालू लागला.

पुढच्या थंडीत बाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि लेक त्यांना नाशिकला घेऊन गेली. यंदा राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, त्यांचा फोन आला. ‘‘आता हट्ट नको. सभागृहात जा सगळे. तुझी परीक्षा जवळ आलीय.’’ त्यांना उलट बोलायची हिंमत मला कधीच झाली नव्हती. फोनवरही झाली नाही. म्हणून पहिल्या शुक्रवारी पत्र लिहिलं:

‘‘आदरणीय बाई, जय ख्रिस्त.

तुमचा निरोप सगळ्यांना सांगितला. कुणी मानला नाही. सर्वांत आधी मी. आज सकाळी आम्ही वाट चाललो. प्रार्थना मी सांगितली. एक-दोनदा चुकलोही. परतल्यावर समितीचे गृहस्थ भेटले. ‘अब तो आंटी भी नहीं हैं,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘हम तो हैं.’

परीक्षा माझी आहे, तिचं मी बघेन. पुढच्या शुक्रवारीही जाणार आहोत. तुम्ही दुसरं काहीही सांगा, बाई, करीन. हे ऐकणार नाही.’’